आपल्या रानचा मध, आपल्या घरचा घास



कार्यक्रमाकडे आलेल्या पत्रांमध्ये जावळी तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "आमच्या घरी सातेरी माश्यांच्या चार पेट्या आहेत. वैशाखात मध निघतो, तो डब्यात भरून व्यापाऱ्याला जातो. दोन पैसे येतात. पण श्रावणात पोराला खोकला झाला की आमचे मालक तालुक्याच्या दुकानातून मधाची बाटली आणतात. ती खरी की खोटी, हे कसं ओळखावं?"

प्रश्न बाटलीचा आहे. त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण बाटलीच्या आधी मला पेट्यांबद्दल बोलायचं आहे. ज्या घरात चार पेट्या आहेत, त्या घरात श्रावणापर्यंत वाटीभर मध शिल्लक राहत नाही, आणि राहत नाही याचं कुणाला काही वाटत नाही. हे एकट्या मधाचंच आहे असं नाही. दूध डेअरीला जातं आणि घरात कोरा चहा होतो. नाचणी मोंढ्यावर किंवा बाजाराला जाते आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. कोंबडीची अंडी हॉटेलवाला घेऊन जातो. विकू नका असं मी म्हणत नाही. विकल्याशिवाय प्रपंच चालत नाही, हे मलाही कळतं. पण सगळंच्या सगळं विकून त्याच वस्तूची हलकी नक्कल जास्त दाम मोजून परत घरात आणायची, हा व्यवहार कुठल्या हिशेबात बसतो, ते एकदा कागद-पेन्सिल घेऊन बघा.

मीच मांडून दाखवतो. सातेरीच्या एका पेटीतून साधारणपणे वर्षाला पाच ते दहा किलो मध निघतो. जागा, फुलोरा आणि निगा यांवर तो कमी-जास्त होतो. आपण सहा किलोच धरू. चार पेट्यांचा झाला चोवीस किलो. घरात पाच माणसं. माणशी रोज एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे सात ग्रॅम. पाच जणांचे झाले पस्तीस ग्रॅम. चार किलो मध घरात ठेवला तर तो जवळजवळ एकशे पंधरा दिवस पुरतो, म्हणजे आषाढापासून आश्विनापर्यंतचा सगळा पावसाळा निघतो. वीस किलो विकायला उरतोच. चोवीसातले चार बाजूला काढायचे, एवढीच गोष्ट आहे.

आता हा मध येतो कुठून, हे थोडं सांगतो. जुन्या मंडळींना यातलं बरंच ठाऊक असतं, पण नव्या पोरांना आग्या आणि सातेरी यांतला फरकही सांगता येत नाही असं मी पाहिलं आहे. आपल्या रानात मुख्यतः तीन प्रकारच्या मधमाश्या दिसतात. आग्या माशी सगळ्यांत मोठी. कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला तिचं एकच मोठं उघडं पोळं लोंबतं. मध भरपूर देते, पण पेटीत राहत नाही आणि चिडली तर माणसाचा जीवही घेते. फुलोरी माशी अगदी लहान. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं पोळं करते, मध अगदी थोडा. आणि तिसरी सातेरी. झाडाच्या ढोलीत, दगडी गडग्याच्या पोकळीत, पडक्या भिंतीत अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी पाच-सात समांतर पोळी बांधते. अंधारात राहायची सवय असल्यामुळेच ती आपल्या लाकडी पेटीत नांदते. त्यांशिवाय परदेशातून आणलेली मेलिफेरा माशी आहे. ती मध जास्त देते, पण तिला सूर्यफूल, मोहरी, ओवा अशा पिकांच्या मागे पेट्या घेऊन गावोगाव फिरवावं लागतं. डोंगरातल्या दोन-चार पेट्यांच्या शेतकऱ्याला मी सातेरीच सांगतो. ती इथलीच आहे. इथला पाऊस तिला माहीत आहे, इथली झाडंही माहीत आहेत.

फुलातून माशी आणते तो मध नव्हे. तो असतो पातळ गोड रस, आणि त्यात बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच असतं. माशी तो आपल्या पोटातल्या पिशवीत भरून आणते, त्यात आपले पाचक रस मिसळते, पेटीत आल्यावर दुसऱ्या माश्यांच्या तोंडी देते. तो घरांत पसरला जातो आणि मग हजारो माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी आटवतात. पाण्याचा अंश पाचव्या हिश्शावर, म्हणजे शेकडा वीसच्या आसपास आला की घराच्या तोंडावर मेणाचं झाकण बसवतात. झाकण बसलं म्हणजे मध पिकला. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

मधाची चव झाडावर असते. महाबळेश्वर, जावळीच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात जांभूळ फुलतं. जांभळाचा मध रंगाने गडद, चवीला किंचित कडवट. पुढे वैशाखाच्या सुमाराला हिरडा आणि गेळा येतो. थंडीत पिसा फुलतो. आणि सगळ्यांत नवलाची ती कारवी. सात-आठ वर्षं नुसती वाढते आणि मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम निळेजांभळे करून टाकते. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला मधाचा दुसरा हंगाम मिळतो. कारवीच्या मधाची घडण इतर मधांहून वेगळी असते. म्हणून केंद्राच्या अन्न सुरक्षा मानकांत मधातल्या साखरेचे जे नियम आहेत, त्यांत कारवीच्या मधाला वेगळी मर्यादा दिलेली आहे. दिल्लीच्या कागदावर आपल्या सह्याद्रीच्या एका झुडपाचं नाव आहे! आणि आपण मात्र कारवीचा उपयोग कुडाच्या भिंतीपुरता धरतो.

एकाच गावातल्या मधाच्या दोन बाटल्या रंगाने वेगळ्या निघाल्या तर गिऱ्हाईक म्हणतं, "एकात काहीतरी भेसळ आहे." खरं तर उलट आहे. वर्षानुवर्षं एकाच रंगाचा, एकाच चवीचा, एकाच दाटपणाचा मध कुठल्याच रानातून येत नाही. तो कारखान्यात ठिकठिकाणचा मध एकत्र करून, गरम करून, गाळून केलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही. पण चव सारखी आहे म्हणून तो जास्त खरा, हे मनातून काढून टाका.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. खरा मध ओळखायच्या किती तरी युक्त्या लोक सांगतात. पाण्याच्या पेल्यात थेंब टाका, तळाशी गेला तर खरा. कापसाची वात भिजवून पेटवा, जळली तर खरा. टीपकागदावर ठेवा. कुत्रा हुंगून सोडतो. मुंगी लागत नाही. मंडळी, यातली एकही परीक्षा भरवशाची नाही. दाट साखरेचा पाकसुद्धा पाण्यात सरळ तळाशी जातो. वात जळते की नाही हे त्यातल्या पाण्यावर अवलंबून, साखर कुठून आली यावर नाही. पावसाळ्यात काढलेला अगदी अस्सल मधही पातळ असला तर वात चुरचुरते. आणि मुंग्यांचं म्हणाल तर आमच्याकडे मधाच्या बरणीखाली पाण्याची ताटली ठेवावी लागते.

हल्ली तर भेसळ अशी हुशारीने होते की साध्या प्रयोगशाळेलाही ती सापडत नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या 13 नाममुद्रांच्या मधाची तपासणी जाहीर केली होती. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक नमुने पास झाले. पण एनएमआर नावाच्या अधिक बारीक चाचणीत तेरांपैकी दहा नापास ठरले. तांदूळ वगैरेंपासून खास पाक बनवला जातो, तो मधात मिसळला तर जुन्या चाचण्यांना कळतच नाही, असं त्या वेळी पुढे आलं. कंपन्यांनी ते निष्कर्ष मान्य केले नाहीत, तो वाद झाला. त्यात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की जे ओळखायला कोट्यवधींचं यंत्र लागतं, ते तुम्ही पाण्याच्या पेल्यात कसं ओळखणार?

रस्त्याच्या कडेला बादलीत पोळं ठेवून मध विकणाऱ्यांबद्दलही विचारतात. काही जण खरोखर रानातून आणतात. काही जण मात्र गुळाच्या किंवा साखरेच्या पाकात पोळ्याचे तुकडे आणि चार मेलेल्या माश्या टाकून बसतात. समोर पिळून दिलं म्हणून फसू नका. पोळं खरं असतं, पाक बाहेरचा असतो. शिवाय पोळं पिळलं की त्यातल्या अळ्यांचा रस आणि पराग मधात उतरतो, असा मध लवकर आंबतो.

मग करायचं काय? माझं उत्तर साधं आहे. ज्याच्या पेट्या तुम्ही पाहिल्या आहेत, त्याच्याकडून मध घ्या. पेट्या कुठे ठेवतो, मध कोणत्या महिन्यात काढतो, पावसाळ्यात माश्यांना काय खाऊ घालतो, हे विचारा. प्रामाणिक माणूस सांगतो. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. महाबळेश्वर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा तिला जगवायला साखरेचं पाणी द्यावंच लागतं. त्यात काही गैर नाही, न देणारा तिला उपाशी मारतो. गैर आहे ते फुलोरा सुरू झाल्यावरही साखर देत राहणं आणि तो पाक मध म्हणून काढणं. हंगाम लागण्याआधी साखर बंद करायची, आणि मध काढायचा तो वरच्या मधकोठीतलाच. खालच्या पिल्लांच्या कोठीला हात लावायचा नाही. तिथला साठा माश्यांच्या घरखर्चाचा आहे.

मध थिजला, त्यात साखरेसारखे दाणे झाले, म्हणूनही पुष्कळ लोक बाटली परत आणतात. थिजणं हा मधाचा स्वभाव आहे. ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर थिजतो. सूर्यफूल, मोहरीचा मध तर काही आठवड्यांत दाणेदार होतो. असा मध तसाच भाकरीला लावून खाता येतो, मला तर तोच आवडतो. पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. पाणी हाताला सोसेल एवढंच गरम. चुलीवर भांडं ठेवून मध उकळू नका. त्याचा वास जातो, रंग काळवंडतो आणि त्यात नको ते घटक वाढतात. चहाच्या उकळीत मध टाकणाऱ्यांनीही हे ऐकावं.

आता ज्यांच्या पेट्या आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. मघाशी झाकण लक्षात ठेवायला सांगितलं होतं. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने झाकल्याशिवाय ती चौकट मधासाठी काढू नका. व्यापारी दारात उभा आहे, पोराच्या शाळेची फी भरायची आहे, म्हणून आठ दिवस आधी काढलेला कच्चा मध आषाढात डब्यात फसफसतो आणि सगळाच हातचा जातो. सातेरीच्या मधात मुळात पाणी थोडं जास्त असतं, त्यामुळे आपल्याला ही काळजी जास्त घ्यावी लागते. केंद्राच्या मानकाप्रमाणे मधात शेकडा 20 पेक्षा जास्त पाणी असता कामा नये. ते मोजायचं लहान उपकरण मिळतं. गावात दहा जणांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

मध नेहमी यंत्राने काढा, पोळं पिळू नका. यंत्रात चौकट फिरवली की मध बाहेर येतो आणि पोळं शाबूत राहतं. ते पुन्हा पेटीत लावलं की माश्यांची मेण बांधायची मेहनत वाचते आणि पुढचा मध लवकर भरतो. काढायच्या दिवशी आभाळ स्वच्छ हवं, हात आणि फडकी कोरडी हवीत. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून ओल्या दिवशी भांडी उघडी ठेवू नका. साठवायला काचेची किंवा चिनी मातीची बरणी, नाहीतर स्टेनलेसचा डबा घ्या. लोखंडी किंवा पितळी भांडं नको, कारण मध आंबट असतो आणि तो धातू खातो.

आग्या माशीचा मध काढणाऱ्या भावांना एक विनंती. रात्री मशाल लावून पोळं जाळायची रीत सोडा. त्यात हजारो माश्या होरपळतात, पिल्लांची पोळी जमिनीवर पडतात, वणवा लागतो तो वेगळाच. आग्याच्या पोळ्यात मध एका कोपऱ्याच्या जाड भागात असतो, बाकीचं सगळं पिल्लांचं असतं. अंगात संरक्षक पोशाख घालून, थोडा धूर देऊन, तेवढाच मधाचा भाग कापून घेता येतो. माश्या राहतात, पोळं पुन्हा भरतं आणि त्याच मोसमात पुन्हा मध मिळतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भात ही पद्धत शिकवली आहे. शिकल्याशिवाय मात्र कुणी कड्याला लोंबू नका.

इथपर्यंत मधाचं झालं. पण खरं सांगू का, मधमाशीने आपल्याला दिलेली मोठी मिळकत मध नाहीच. ती तुमच्या ताटात आहे. काकडी, भोपळा, कारलं यांच्या वेलीवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात कुणीतरी नेल्याशिवाय फळ धरत नाही. सकाळच्या वेळी हे काम बहुतेक माश्याच करतात. काकडी एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने बारीक राहिली की आपण खताला दोष देतो. पुष्कळदा पराग नीट पोहोचलेला नसतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे पतंगांचाही वाटा असतो, तेव्हा सगळं श्रेय मी मधमाशीलाच देत नाही. आणि ज्वारी, बाजरी, भात, गहू यांना माशीची गरज नसते, त्यांचं काम वाऱ्याने किंवा त्यांचं त्यांनीच होतं. पण कारळा बघा. डोंगरउतारावरच्या कारळ्याचं फूल स्वतःच्याच परागाने जवळजवळ बी धरत नाही. म्हणजे भाकरीबरोबर जी कारळ्याची चटणी आपण खातो, ती माश्यांच्या पायावरून आलेली असते. कांद्याचं बी, सूर्यफूल यांनाही माशी हवीच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलासुद्धा माश्या चांगल्या फिरल्या तर फळ घाटदार धरतं, नाहीतर वाकडंतिकडं होतं. त्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात माशीचं नाव कुठे नाही, एवढंच.

म्हणून फवारणीबद्दल बोललं पाहिजे. एका बाजूला आपण म्हणतो, माश्या कमी झाल्या, आणि दुसऱ्या बाजूला भर सकाळी फुलावरच्या पिकाला औषध मारतो. सातेरी माशी पेटीपासून साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते. म्हणजे पेट्या तुमच्या असल्या तरी चारा शेजाऱ्याच्या रानात असतो. सकाळी माश्या बाहेर गेल्या, शेजाऱ्याने दहा वाजता फवारा मारला, की दुपारी पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला दिसतो. अशा वेळी दोन घरांत भांडणं लागलेली मी पाहिली आहेत. शेजाऱ्याचाही दोष किती म्हणायचा? त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं आपल्याकडे दुकानात सर्रास मिळतात, ती माशीला फार घातक आहेत. युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतात त्यांच्या वापरावर बंदी घातली. आपण निदान इतकं करू शकतो : पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळायची. अगदीच गरज पडली तर सूर्य मावळताना, माश्या घरी परतल्यावर करायची. आणि आदल्या दिवशी पेटीवाल्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा, म्हणजे तो रात्री पेटीचं दार जाळीने बंद करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माश्या आत ठेवील. निरोपाला पैसे पडत नाहीत. ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या, सगळ्यांच्या समोर ठरू द्या.

बाहेरगावाहून वसाहती विकत आणणाऱ्यांनाही सावध करतो. 1991-92 च्या सुमाराला दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूच्या रोगाने सातेरीच्या पेट्या मोठ्या प्रमाणात मेल्या. केरळ, कर्नाटकातल्या पुष्कळ पालकांचा धंदाच बसला. या रोगात अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. स्वस्त मिळतात म्हणून लांबून अनोळखी पेट्या, जुनी पोळी किंवा चौकटी आणू नका. आपल्या डोंगरातली, ढोलीतली वसाहत नीट पेटीत घालायला शिका. ती लवकर रुळते.

आता खाण्याचं. मायबहिणींनो, मध म्हणजे औषधाच्या कपाटातली बाटली, असं आपल्या मनात बसलं आहे. त्याला जेवणात आणा. सकाळी शाळेला जाणाऱ्या पोराला ताज्या नाचणीच्या भाकरीचा चतकोर, वर थोडं लोणी आणि चमचाभर मध द्या. नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, शहरात नाचणीची बिस्किटं महागाने विकली गेली, आणि आपल्या गावात नाचणीची भाकरी खायला पोरं लाजतात. मध लावून द्या, लाजणार नाहीत. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीलाच फोडायच्या असा काही नियम नाही. लाह्या, दूध, वर मध, अशी न्याहारी पाच मिनिटांत होते. राजगिऱ्याच्या लाह्यांनाही हेच लागू. उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतात साखरेऐवजी मध घाला, मात्र पाणी माठातलं, गरम नको. आवळे वाफवून, पुसून, पूर्ण गार करून मधात मुरत ठेवले तर थंडीभर पुरतात. त्यांना पाणी सुटून मध पातळ होतो, म्हणून बरणी अधूनमधून बघत जा, आणि आंबूस वास आला तर मोह न धरता टाकून द्या.

याच्या जोडीला आपल्या भागात जे पिकतं त्याची आठवण ठेवा. कोरेगावचा वाघ्या घेवडा, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, जळगावचं भरताचं वांगं, नवापूरची तूर यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे त्या मातीत ते पीक वेगळं येतं हे सरकारदरबारी मान्य झालं. पण घेवडा पिकवणाऱ्या घरातच घेवड्याची आमटी होत नसेल आणि बाहेरगावची मसूर येत असेल, तर ते मानांकन कुणासाठी? मी दररोज सगळं इथलंच खा असं सांगत नाही. चहा, मीठ, नारळ आपण कधीपासून बाहेरून आणतोच. पण जे घरासमोर पिकतं, त्याचा पहिला वाटा घराला असावा. ते ताजं असतं, वाहतुकीचा खर्च नसतो आणि त्यात काय मारलं आहे हे आपल्याला माहीत असतं.

दोन-तीन धोक्याच्या सूचना दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका. जन्मल्याबरोबर सोन्याच्या वेढ्याने मध चाटवायची रीत आपल्याकडे आहे, ती आता थांबवली पाहिजे. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष करतात आणि बाळाचं अंग लुळं पडतं. आजीबाई रागावतील, त्यांना समजावून सांगा. दुसरं, मधुमेह असणाऱ्यांनी मध साखर नाही म्हणून मोकळ्या हाताने खाऊ नये. मधात शेकडा ऐंशीच्या आसपास साखरच असते, रूप तेवढं वेगळं. तिसरं, गावचा मध खाल्ला की शिंका-सर्दीची ॲलर्जी जाते, असं कुणी कुणी जाहिरातीत सांगतात. हे सिद्ध झालेलं नाही. खोकल्याला रात्री चमचाभर मधाने घशाला आराम पडतो, तेवढं खरं. पण ताप असेल, दम लागत असेल तर मधावर बसू नका, दवाखाना गाठा.

विक्रीचं थोडक्यात सांगतो. एकट्याने चार पेट्यांचा मध बाजारात नेला तर भाव व्यापारी ठरवतो. दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन, एकाच ठिकाणी गाळून, बाटलीवर गावाचं नाव, मध काढल्याचा महिना आणि मुख्य फुलोरा लिहिला तर गोष्ट बदलते. महाबळेश्वरजवळचं मांघर हे 2022 च्या मे महिन्यात 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने ते उभं केलं. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगावही त्या वाटेने गेलं. तिथे येणारा पाहुणा पेट्या बघतो, मध चाखतो आणि बाटली घेऊन जातो. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी मात्र करून घ्या, ती नसली तर दुकानदार माल ठेवत नाही. आणि पहिलं गिऱ्हाईक गावातच शोधा : अंगणवाडी, शाळा, रविवारचा आठवडी बाजार, पुण्या-मुंबईला असलेले आपलेच चाकरमानी. गणपतीला गावी आलेला चाकरमानी जाताना तांदूळ, कुळीथ नेतो. त्याच्या पिशवीत मधाची बाटलीही जाऊ शकते, आणि त्याला ती कुणाच्या पेटीतली हे माहीत असतं.

शिकायचं असेल तर महाबळेश्वरला खादी मंडळाचं मधसंचालनालय आहे, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात प्रशिक्षणाची आणि पेट्यांवरच्या अनुदानाची चौकशी करा. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. सुरुवात दोन पेट्यांनी करा. एक नको, कारण एक राणी मेली तर दुसऱ्या पेटीतल्या अंड्यांच्या चौकटीने पहिलीला सावरता येतं. दहाही नकोत. पेटी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला, पाण्याच्या जवळ ठेवा, आणि तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला विसरू नका, मुंग्या आणि मुंगळे फार त्रास देतात. बांधाला जांभूळ, शेवगा, करंज लावलं तर माश्यांनाही खायला मिळेल आणि तुम्हालाही.

पेट्या आणायच्या त्या थंडीच्या सुरुवातीला, म्हणजे फुलोरा लागेपर्यंत वसाहत भरते. ऐन पावसात आणलेल्या वसाहती टिकवणं नव्या माणसाला जमत नाही. पत्रात पेट्यांची संख्या, गाव आणि आसपासची झाडं लिहून पाठवलीत तर पुढच्या वेळी तुमच्या भागापुरतं बोलता येईल.